गावाची खोली

माझ्या सासूबाईंना, बायजाबाईंना, एक सवय आहे. समोरचा माणूस गप्प झाला की त्याच्या गप्प होण्याचा अर्थ त्या स्वतःच लावतात आणि लगेच मोठ्याने सांगून टाकतात. श्रीवर्धनला माझ्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर गप्प झाले आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

सुरुवातीला मजेत चाललं होतं. डॉक्टर हे डोकं, हा पाठीचा कणा, ही मांडी असं दाखवत होते. मग छातीवर आले आणि बोलायचे थांबले. मला या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं. बाहेर जाऊन जरा चालून या म्हणाले. मी चालून आले, तर पुन्हा छातीच. मी मनाशी म्हणत होते, बाळ झोपलं असेल, नीट दिसत नसेल. घाबरले की मला असली कारणं फार पटापट सुचतात.

शेवटी पोट पुसायला कागद देऊन त्यांनी विचारलं, "घरातलं कोणी बरोबर आहे का?" माझा नवरा स्वराज मुंबईला एसी बसवण्याच्या कामावर असतो. बरोबर होत्या त्या सासूबाई. त्या आत आल्या, त्यांनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डॉक्टर काही बोलायच्या आत सुरू झाल्या, "पोरगी हाय ना? असू दे. आमाला चालते. तुमी नका तोंड पाडू."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. भिंतीवरची पाटी दाखवत म्हणाले, "आजी, गर्भलिंगनिदान इथे होत नाही. असलं एक अक्षर बोलू नका, माझा दवाखाना बंद होईल." सासूबाईंनी मान हलवली. त्यांची मान समजलं म्हणून हलते, पटलं म्हणून हलेलच असं नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाळाच्या हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. इथे त्या शेजारी शेजारी सरळ जाताना दिसतायत. माझं चुकत असेल तर मला बरंच वाटेल. पण मुंबईला बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी असते, ती करून घ्या. उशीर करू नका." आणि कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या घरात कुणाचं तान्हं बाळ जन्मल्यावर थोड्या दिवसांत गेलंय का?"

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात असलं काय न्हाय."

परतीच्या मिनीडोर रिक्षात आमच्या वाडीच्या दोन बायका भेटल्या. काय सांगितलं डॉक्टरांनी, असं त्यांनी विचारायचीच खोटी. सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय गं, पोरगी दिसतंय वाटतं. डाक्टरचं तोंड यवढंसं झालेलं. मुंबईला दाखवा बोलला." मी त्यांचा हात दाबला, तरी त्या बोलतच राहिल्या. मला असा राग आला की मी दिवेआगरच्या फाट्यापर्यंत त्यांच्याकडे पाठ करून बसले. बाळाच्या हृदयात काहीतरी चुकलंय आणि ही बाई पोरगी-पोरगा करत बसलीय, असं मला वाटत होतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी खूप वेळ पाहिलं, मग दिवा लावला आणि आम्हा दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. श्रीवर्धनच्या डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. हृदयातून अंगाला रक्त नेणारी नळी आणि फुप्फुसाला नेणारी नळी यांची अदलाबदल झाली होती.

स्वराज चित्राकडे बघत म्हणाला, "म्हणजे सप्लाय आणि रिटर्न उलटे जोडलेत."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. स्वराजला एखाद्या गोष्टीचा उलगडा झाला की त्याचा चेहरा खुलतो. त्या दिवशी तो कळून काळवंडला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. पोटात असताना बाळाला काही त्रास नाही, कारण तिथे त्याला श्वासच घ्यायचा नसतो. त्या दोन नळ्यांच्या मध्ये एक छोटी वाट असते, तिच्यावर जन्मानंतरही थोडा काळ निभावतं. पण ती वाट काही तासांत, फार तर काही दिवसांत आपोआप बंद होत जाते. ती बंद झाली की बाळ निळं पडतं. ती उघडी ठेवायचं औषध आहे, आणि मग पहिल्या एक-दोन आठवड्यांत नळ्या जागेवर लावायचं ऑपरेशन. बहुतेक मुलं त्यातून चांगली सावरतात, शाळेत जातात, धावतात.

"तुम्हाला पुढे जायचं नसेल तर कायद्याने तोही मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "विचार करून सांगा."

आम्ही जिन्यात उभं राहून विचार केला. त्याच वेळी बाळाने आतून लाथ मारली आणि मी रडले. स्वराज म्हणाला, "दुरुस्त होणारी गोष्ट आहे ना, मग दुरुस्त करू." आम्ही परत आत गेलो.

"मग एकच गोष्ट लक्षात ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपचार आहे, पण तुमच्या गावात नाही. बाळाचा जन्म इथेच व्हायला हवा. नववा लागला की हॉस्पिटलच्या जवळ येऊन राहा. रस्त्यात, गाडीत, तालुक्याच्या दवाखान्यात कळा सुरू झाल्या तर माझ्या हातात काही उरणार नाही."

हॉस्पिटलच्या जवळ म्हणजे परळ. तिथे आम्हाला भाड्याची खोली कोण देणार, आणि दिली तरी ती परवडणार कशी? माझी मामी दिव्याला राहते. दिव्याहून परळला कळा देत यायचं म्हटलं तर बाळ ठाण्याच्या अलीकडेच जन्माला येईल. पण परळला आमची एक जागा होती. आमची म्हणजे गावाची.

आमच्याकडच्या पुष्कळ कुणबी गावांची मुंबईत अशी खोली असते. पणजोबांच्या पिढीने वर्गणी काढून चाळीत घेतलेली. गावातून कामाला गेलेले पुरुष तिथे राहतात. भिंतीला प्रत्येकाचा एक खिळा, माळ्यावर प्रत्येकाची एक पेटी, आणि रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा. स्वराजही तिथेच राहतो. दारावर तेलरंगात नियम लिहिलेत. दारू पिऊ नये. पत्ते खेळू नयेत. खोलीत बाईमाणसाने राहू नये. हा तिसरा नियम कोणीही कधी मोडला नव्हता. तिथून हॉस्पिटलचं फाटक चालत गाठता येतं.

खोलीचा निर्णय गावकी घेते, आणि गावकी भरते शिमग्याला. तोवर आम्ही गप्प राहायचं ठरवलं. सासूबाईंना घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा त्या सुपारी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "गावात कुनाला बोलू नको. पोरगी हाय म्हनतात ना? म्हनू दे."

"अहो पण आई, खोटं कशाला?"

"काळजात खोट हाय म्हटलं की आधी तुलाच धरतील, बाय. काय खाल्लंन, कुठं गेली, कशाला हात लावलान. पोरगी हाय म्हटलं की कोन काय बोलत न्हाय."

मला ते पटलं नाही, पण भांडायचं बळ नव्हतं. माझ्या आईला म्हसळ्याला फोन करून पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती इतकी दुखावली की चार दिवस तिने फोन उचलला नाही. तिलाही खरं कारण सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी नेमकं होळीच्याच पौर्णिमेला ग्रहण आलं. मी बी.कॉम. झालेली, दिवेआगरच्या होमस्टेची सगळी बुकिंग फोनवरून सांभाळणारी. हृदयाच्या नळ्या दुसऱ्या महिन्यातच ठरतात आणि तेव्हा कुठलंही ग्रहण नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ग्रहण सुटेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसले. सुरी नाही, सुई नाही, साधा नेलकटरही नाही. सासूबाई समोर बसून माझ्या हातांवर नजर ठेवून होत्या. मला वाटलं, यांचा अडाणीपणा. त्यांच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला आणि सोडून दिला.

दोन दिवसांनी देवाची पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसली आणि तिथेच गावकी भरली. आमच्याकडे काही मागायचं असेल तर गावकीपुढे नारळ ठेवतात. अध्यक्षाने नारळ उचलला तर मान्य. सासरे, कोंडाजी, मुळात कमी बोलणारे. त्यांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "सुनेला बाळंतपनासाठी परळची खोली हवी. ज्येष्ठात."

रामचंद्र तात्या अध्यक्ष. गिरणीच्या काळात ते स्वतः त्या खोलीत राहिलेले, आता सत्तरीच्या पुढचे. त्यांनी नारळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोंडाजी, तोंड उघडायला लावू नको. समद्यांना म्हायती हाय पोर मुंबईला कशाला न्हेता ते. पोरगी हाय म्हनून ना? बाळंतपनाचं नाव, आन् काम दुसरंच. तुमची घरं, तुमचा इचार. पर गावाच्या खोलीत असलं पाप व्हनार न्हाय."

मी मागे बायकांत उभी होते. एक महिना गाव आमच्याबद्दल हे बोलत होतं. बाळ वाचावं म्हणून आम्ही जागा मागत होतो आणि गाव आम्हाला बाळ मारायला निघालेले समजत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे तात्यांचा राग बरोबर होता. तसं असतं तर मीही खोली दिली नसती. स्वराज उठून म्हणाला, "तात्या, तसं नाही हो, डॉक्टरांनी..." आणि त्याचा आवाज पोरांच्या गलक्यात बुडाला. कोणी म्हणालं, बसव रे त्याला. तात्या पुढचा विषय घ्यायला वळले. मला परळची खोली, ते फाटक, ते औषध सगळं हातातून निसटताना दिसत होतं.

तेव्हा सासूबाई पुढे गेल्या. गावकीत बाया बोलत नाहीत. त्या पुरुषांमधून सरळ नारळाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, पण आवाज नेहमीचाच.

"तात्या, पोरगी-बिरगीचं कुनाला म्हायत न्हाय. ते मी बोलले. जळलं मेलं माझं तोंड. पोराच्या काळजाच्या नळ्या उलट्या हायत. हितं जल्मलं तर निळं पडून जाईल. परळला जल्मलं तर जगंल, असं डाक्टरीन बोलते."

गलका थांबला. कोणीतरी म्हणालं, "असं कुठं असतं व्हय?"

"असतं," सासूबाई म्हणाल्या. "सोराजच्या आधी मला एक पोर झालेला. आठवतंय कुनाला? कुनाला न्हाय आठवत. चार दिस व्हता तो. पयल्या दिशी चांगला रडला. मंग दूध तोडलान. चवथ्या दिशी ओठ जांभळावानी झाले आन् सांजेला गेला. समद्यांनी सांगितलं, पोटुशी असताना गिरान लागलं, त्यात इळी धरली असंल हिनं. मी धरली नव्हती, तात्या. भिंतीला टेकून बसलेली मी, हात मांडीवर ठेवून. पर बोलले न्हाय, कारन कोन ऐकनार व्हतं? श्रीवर्धनच्या डाक्टरनं इचारलं तरी न्हाय म्हटलं. आता बोलते. माझा गेला. ह्यो जाऊ देनार न्हाय मी."

सासरे खाली बघत होते. स्वराज आईकडे असा बघत होता, जणू ती त्याला आज पहिल्यांदाच दिसतेय. त्याला थोरला भाऊ होता हे त्याला त्या क्षणी कळत होतं. आणि मला त्यांच्या कपाळावरचा घाम आठवला. मला माझीच लाज वाटली.

तात्यांनी आता पहिल्यांदा नारळाकडे पाहिलं. मग वाकले आणि नारळ उचलला.

"दारावरचा नियम पुसू नका," ते मुंबईच्या पोरांना म्हणाले. "तो तसाच ऱ्हाऊ दे. त्याच्यावर मोठंसं क्यालेंडर लावा."

ज्येष्ठात मी आणि सासूबाई परळला गेलो तेव्हा दारावर खरंच कॅलेंडर होतं. खोलीतले बाकीचे सगळे नातेवाईकांकडे, कामाच्या ठिकाणी, कुठे कुठे पांगले होते. पेट्या माळ्यावरच होत्या. सकाळी एखादा शर्ट न्यायला यायचा आणि चाळीच्या जिन्यापासूनच मोठमोठ्याने खोकत यायचा, म्हणजे बायकांना कळावं. मोरी कोणीतरी इतकी घासली होती की स्वराज म्हणाला, तिचा मूळ रंग मी आज बघतोय.

दिवस मात्र सरता सरत नव्हते. मी बाळाच्या लाथा मोजत पडून राहायचे. जरा वेळ हललं नाही की घाबरायचे, जास्त हललं तरी घाबरायचे. एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. ते बाहेर येऊच नये असं मला वाटायचं. आत होतं तोवर त्याला काही होत नव्हतं, मी त्याच्यासाठी श्वास घेत होते. जन्म दिला की मी त्याला त्या उलट्या नळ्यांवर सोडून देणार, असा विचार यायचा आणि मी पोटावर दोन्ही हात घट्ट ठेवायचे. सासूबाई काही विचारायच्या नाहीत. बाळासाठी त्यांनी एक टोपडंही आणलं नव्हतं.

कळा दुपारी सुरू झाल्या. टॅक्सी बोलवायच्या आधीच आम्ही फाटकात पोहोचलो होतो. बाकीचं मला तुकड्यांत आठवतं. दिवे, नर्सचा आवाज, आणि मग रडणं. चांगलं, रागावलेलं रडणं. बाळाला माझ्या डोळ्यांसमोर क्षणभर धरलं. मी आधी ओठ पाहिले. ते जरा सावळेच होते. मला बोट लावू देऊन लगेच त्याला काचेच्या पेटीतून हृदयाच्या विभागात नेलं.

स्वराज बाहेर सांगायला गेला, तर सासूबाईंनी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "रडलं का, यवढंच सांग."

"रडलं."

"बास. दुसरं काय सांगू नको. माझ्या येळेला पोरगा झाला म्हनून सांगितलंन आन् मी नाव पन ठेवून बसले मनात. आधी चार दिस जाऊ दे."

त्यांनी मलाही बोलू दिलं नाही. औषध सुरू होतं, थेंब थेंब, एका यंत्रातून. ती छोटी वाट त्याच्यावर उघडी होती. चौथ्या दिवशी त्या सकाळपासून विभागाच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, चहा दिला तर तो हातात गार झाला. संध्याकाळ झाली तसा त्यांचा हात काचेवर घट्ट दाबला गेला. आत नर्स येत होती, बघत होती, जात होती. तिचा प्रत्येक चेहरा आम्ही दोघी वाचत होतो. दिवे लागले, भेटीची वेळ संपली, आणि बाळ होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. म्हणजे नेमकी पाचवी. घरी असते तर सासूबाईंनी पाटा पुजला असता, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं असतं. इथे ते सगळं राहून गेलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खोलीवाले एकेक करून येऊन बसले होते. दोघांनी सकाळीच रक्त दिलं होतं. गावाहून तात्यांचा फोन दर तासाला येत होता, आणि आदल्या रात्री मुंबईला आलेले सासरे दर तासाला त्यांना तेच सांगत होते, "अजून आत हाय."

मला त्या तासांबद्दल काही सांगता येणार नाही. मी दाराकडे बघत होते. माझं दूध येत होतं आणि प्यायला कोणी नव्हतं.

दिवस कलला तेव्हा सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढत म्हणाले, "ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढचे काही दिवस जपायचे आहेत, पण हृदय आपलं आपण चाललंय. आत जाल तेव्हा रंग बघा, गुलाबी झालाय."

स्वराज भिंतीला टेकला. सासूबाई जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी पदराने तोंड पुसलं, एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्या कानाशी तोंड आणून, काहीतरी नको ते विचारल्यासारखं हळूच म्हणाल्या, "बाय, आता सांग. काय हाय? पोरगी का पोरगा?"

"पोरगी, आई."

त्यांनी मान हलवली.

"मी त्या डाक्टरला तवाच बोललेले," त्या म्हणाल्या. "आमाला चालते." आणि मग पुन्हा, "आमाला चालते गं," असं म्हणत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या. समोर खोलीवाले पुरुष उठून उभे राहिले आणि कुठे बघावं ते न कळून सगळे एकदम खोकायला लागले.